सोळा चुंबक, एक बॅटरी

गाडी १९१७ सालची. फोर्ड मॉडेल टी, उघडी टूरिंग, रंग काळा. १९१४ ते १९२५ या काळात ती दुसऱ्या रंगात मिळतच नसे. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, एका निवृत्त अमेरिकन गृहस्थांच्या गॅरेजमध्ये ती असते आणि हवा बरी असली की रविवारी बाहेर पडते. तिच्या मालकाची मागणी साधी होती. मागून येणाऱ्याला दिसेल असा लाल दिवा हवा आणि ब्रेक दाबल्यावर पेटणारा दुसरा. कारखान्यातून आलेला मागचा दिवा रॉकेलचा. ताशी शंभर किलोमीटरने येणाऱ्या पिकअपवाल्याला तो दिसेल, या भरवशावर नातवंडांना मागच्या सीटवर बसवणं त्यांना धोक्याचं वाटू लागलं होतं.

दिव्यांना बॅटरी हवी, आणि या गाडीला ती कधीच नव्हती. बॅटरी चार्ज करणारा जनरेटर नाही, स्टार्टर नाही. पुढे वाकून हँडल मारायचं आणि गाडी सुरू करायची. गाडीत वीज तयार करणारं एकच साधन होतं, ते म्हणजे इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच बसवलेला मॅग्नेटो. त्यावरून एखादी छोटी बॅटरी चार्ज होईल का, असं मालकांनी शेजारच्या काकांना विचारलं.

काका पुण्याचे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रेक्टिफायर आणि बॅटरी चार्जर बनवण्यात त्यांचं अख्खं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर ते वर्षातले काही महिने मुलीकडे मिशिगनला राहतात. तिथली मराठी मंडळी त्यांना काका म्हणतात, ते ऐकून शेजारीही काका म्हणू लागले. हेच त्यांचं पाळण्यातलं नाव अशी शेजाऱ्यांची अजूनही समजूत आहे. एसीचं डीसी करून बॅटरी भरणं हा काकांच्या डाव्या हातचा मळ. त्यांना वाटलं, एक डायोड, एक फ्यूज, हातभर वायर. चहा गार व्हायच्या आत काम होईल.

तसं झालं नाही. अडचण सर्किटमध्ये नव्हती. हा मॅग्नेटो बॅटरी भरण्यासाठी बनलेलाच नाही, आणि बॅटरीशी त्याचं वैरही आहे, हे काकांना हळूहळू उमगत गेलं.

मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरात बाजारात आली आणि १९२७ च्या मे महिन्यात बंद झाली. तोवर दीड कोटीहून जास्त गाड्या तयार झाल्या होत्या. सुरुवातीला टूरिंगची किंमत ८५० डॉलर होती, ती १९१६ च्या ऑगस्टात ३६० डॉलरवर आली. ही गाडी घेणारे बरेचसे शेतकरी होते. त्यांच्या घरी वीज नव्हती, जवळपास गॅरेज नव्हतं. त्या काळातल्या अनेक गाड्या ठिणगीसाठी ड्राय सेलवर अवलंबून असत, आणि सेल संपले की गाडी जिथल्या तिथे. अशा गिऱ्हाइकाला बॅटरीच नको असलेली गाडी देणं हा फोर्डचा व्यवहारी विचार. एडवर्ड हफ या फोर्डच्या जुन्या सहकाऱ्याच्या नावावर हा फ्लायव्हील मॅग्नेटो जमा आहे. इंजिन फिरतं आहे तोवर वीज आहे. इंजिन थांबलं की विजेची गरजही थांबली. हिशेब चोख.

रचना पाहिली की तिच्या काटकसरीचं कौतुक वाटतं. फ्लायव्हीलच्या दर्शनी बाजूवर व्ही आकाराचे सोळा पोलादी चुंबक, शेजारशेजारच्या चुंबकांची सारखी टोकं एकत्र येतील असे बसवलेले. त्यामुळे चाकाच्या परिघावर उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे एकाआड एक सोळा ध्रुव तयार होतात. त्यांच्यासमोर इंजिनाच्या मागच्या अंगाला घट्ट बसवलेली लोखंडी कडी, आणि तिच्यावर तांब्याच्या पट्टीच्या सोळा गुंडाळ्या. गुंडाळ्या स्थिर, चुंबक फिरते, मधली फट सुमारे एक बत्तिसांश इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. ब्रश नाहीत, सरकते संपर्क नाहीत. हे सगळं गिअरच्या तेलातच फिरतं. चुंबक तेल वर उडवतात, ते एका नळीच्या तोंडात पडतं आणि तिथून इंजिनाच्या पुढच्या भागाला पोचतं. म्हणजे वीजनिर्मिती आणि वंगण ही दोन्ही कामं एकाच चाकाकडे.

याच मॅग्नेटोला कारखानदारीच्या इतिहासातही एक जागा आहे, आणि ती जागा त्या गॅरेजपासून फार लांब नाही. हायलंड पार्कच्या कारखान्यात एक कामगार एक अख्खा मॅग्नेटो एकट्याने जोडायचा. त्याला वीसेक मिनिटं लागत. १ एप्रिल १९१३ रोजी तेच काम एका ओळीत उभ्या केलेल्या एकोणतीस जणांत वाटून पाहिलं. प्रत्येकाने एक-दोन स्क्रू किंवा चिमटे लावायचे आणि चाक पुढे ढकलायचं. वेळ १३ मिनिटं १० सेकंदांवर आला. पुढे टेबलांची उंची वाढवली, पाठी वाकायच्या थांबल्या, तेव्हा सात मिनिटं झाली. मग साखळीने ओढणारी ओळ आली आणि पाच मिनिटांत मॅग्नेटो तयार होऊ लागला. फोर्डची सरकती जुळणी-ओळ इथून सुरू झाली, गाडीच्या सांगाड्यापासून नव्हे. काकांना हे ठाऊक नव्हतं. मुलीने एका रविवारी त्यांना वुडवर्ड रस्त्यावरून त्या कारखान्याच्या उरलेल्या इमारतींसमोरून नेलं, तेव्हा काका म्हणाले, "आपण भोसरीत चार्जरची लाइन लावली होती ना, तिचं मूळ इथं आहे म्हणायचं." मुलीने गाडीचा वेग कमी केला नाही, मागे रांग होती.

मॅग्नेटोतून निघते ती एसी. फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यात आठ आवर्तनं. इंजिन मिनिटाला ४०० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला ५३ आवर्तनं, म्हणजे जवळजवळ आपल्या घरातल्या विजेइतकी. १,००० फेऱ्यांना १३३, आणि गाडी आपली पूर्ण वीस अश्वशक्ती देते त्या १,६०० फेऱ्यांना २१३. व्होल्टेजही वेगाबरोबर चढतं. मंद गतीला सहा-सात व्होल्ट, पळवली तर तिसाच्या घरात. १९१५ पासून फोर्डने याच विजेवर पुढचे दिवे लावले, दोन्ही एकामागे एक, सीरिजमध्ये. परिणाम व्हायचा तोच झाला. गाडी हळू झाली की दिवे मिणमिणते, पळवली की लखलखते, आणि जास्तच पळवली की एक बल्ब जाऊन दोन्ही बंद. खराब रस्त्यावर, नेमका जिथे उजेड हवा तिथे, वेग कमी आणि अंधार. मग लोक लो गिअरचं पेडल दाबून गाडी हळूच ठेवत आणि इंजिन मात्र जोरात फिरवत, तेवढाच उजेड पडावा म्हणून.

मालकांकडून हे ऐकताना काकांना लुना आठवली. कायनेटिकची लुना १९७२ साली आली आणि पुण्यातल्या एका पिढीने तिच्यावर अर्धं आयुष्य काढलं. तिच्यातही फ्लायव्हील मॅग्नेटो, तिलाही बॅटरी नाही. लक्ष्मी रोडच्या सिग्नलला रात्री उभं राहिलं की दिवा मंदावायचा, अॅक्सिलरेटर पिळला की मोठा व्हायचा. जुन्या स्कूटरींचंही तेच. पुढे इंडिकेटर आणि जोरदार हॉर्न आले, बॅटरी आली, आणि ती भरायला त्याच मॅग्नेटोवर रेक्टिफायर बसला. म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न काकांच्या तरुणपणी पुण्यातल्या गल्लीगल्लीत सुटलेला होता. फरक एकच, पण तो सगळं ठरवणारा होता: लुनाच्या चुंबकाला बॅटरी काही करू शकत नव्हती, फोर्डच्या चुंबकाला करू शकत होती.

१९१७ च्या गाडीतले चुंबक पोलादाचे आहेत. अल्निको हा टिकाऊ चुंबकाचा मिश्रधातू १९३० च्या दशकातला, निओडिमियम तर १९८० च्या दशकातला. जुन्या पोलादाचं चुंबकत्व जितक्या सहज येतं तितक्याच सहज जातं. बॅटरीची वायर मॅग्नेटोच्या खांबाला, म्हणजे त्याची वीज जिथून बाहेर निघते त्या टोकाला, लागली, तर सोळा गुंडाळ्यांतून थेट डीसी वाहू लागते. त्या गुंडाळ्यांचा एकूण रोध एका ओहमहूनही बराच कमी, त्यामुळे करंट दणदणीत. सगळ्या गुंडाळ्या स्वतःच विद्युतचुंबक होतात, आणि फ्लायव्हील नको त्या जागी थांबलेलं असेल तर त्या समोरच्या पोलादातलं चुंबकत्व पुसून टाकतात. एक क्षण पुरतो. म्हणूनच मॉडेल टीच्या जाणकारांमध्ये एक ताकीद पिढ्यानपिढ्या चालत आली आहे: बॅटरीची वायर मॅग्नेटोच्या खांबाजवळ नेऊ नका.

ही ताकीद या गाडीच्या आधीच्या कुणा मालकापर्यंत पोचली नसावी. सीटखाली एक जुनाट टॉगल स्विच सापडला, त्यातून एक कापलेली वायर फळीखालून गिअरच्या झाकणाकडे गेलेली. कधीतरी कुणीतरी हाच उद्योग करून पाहिला होता. आणि गाडीची लक्षणंही त्याच्याशी जुळत होती. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या डब्यावरच्या स्विचला दोन जागा असतात, एक बॅटरीची, एक मॅग्नेटोची. चांगल्या मॅग्नेटोवर मॉडेल टी हँडलला निमूट सुरू होते. ही होत नव्हती. मालक कंदिलाची सहा व्होल्टची सुटी बॅटरी जोडून तिला सुरू करत आणि मग स्विच मॅग्नेटोकडे फिरवत. तिथे इंजिन चाले, पण अडखळत. वय झालं, असं ते म्हणत. गाडीचं की स्वतःचं, ते स्पष्ट करत नसत.

काकांनी एसी व्होल्टमीटर लावला, भार म्हणून एक बल्ब लावला. मंद गतीला जे यायला हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी.

चुंबकांवर बोट ठेवण्याआधी खांब पाहायला हवा, असं मालकांनी सुचवलं, आणि ते बरोबर होतं. गिअरच्या झाकणावर तीन स्क्रूंनी बसवलेला हा छोटा खांब, त्याची स्प्रिंग खाली गुंडाळीच्या टोकाला टेकते. मॉडेल टीचे गिअर आणि ब्रेक म्हणजे ड्रमभोवती आवळणारे पट्टे. त्यांच्या अस्तराचे सुती धागे तेलात सुटतात, झिजलेल्या पोलादाचा कीस त्यात अडकतो, आणि हा काळा चिखल नेमका या स्प्रिंगभोवती साचून वीज बॉडीला पळवतो. खांब काढला तर टोकाला बोटभर लगदा. पेट्रोलने धुऊन, पुसून परत बसवला. मीटरचा काटा थोडा वर सरकला, पण थोडाच.

आता उरले चुंबक. ते काढायचे तर इंजिन उतरवावं लागतं, कारण मॅग्नेटो इंजिन आणि गिअरच्या मध्ये दडलेला. पण जागच्या जागी चुंबक भरायची एक जुनी रीत आहे, आणि तिच्यात जे चुंबक मारतं तेच त्यांना उठवतं. खांबापासून सगळ्या वायरी सोडवायच्या. झाकणावर, खांबाच्या बाजूला, होकायंत्र ठेवायचं. हँडलने इंजिन इंचाइंचाने फिरवायचं. प्रत्येक चुंबक सरकला की सुई गर्रकन वळते. सुई क्रँकशाफ्टच्या रेषेत स्थिरावली की ध्रुव बरोबर गुंडाळ्यांसमोर आले. सुईचं कुठलं टोक कुठे आहे त्यावरून खांबाला धन जोडायचं की ऋण हे ठरतं. ते चुकलं तर उरलंसुरलं चुंबकत्वही गेलं. मग बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सीरिजमध्ये, छत्तीस व्होल्ट, जाड केबल, आणि खांबाला क्षणभर स्पर्श. पुन्हा. पुन्हा.

काकांनी शेवटचा जोड बॅटऱ्यांपासून लांब, गाडीच्या बाजूलाच करायचा, असा आग्रह धरला. चार्ज होणाऱ्या लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि केबलची ठिणगी मोठी असते. भोसरीत हा नियम भिंतीवर लावलेला असे. मालकांनी होकायंत्र धरलं, काकांनी केबल. प्रत्येक स्पर्शाला फाटकन ठिणगी उडे आणि सुई थरथरे. वायरी परत जोडून मालकांनी स्विच मॅग्नेटोकडे केला, ठिणगीची वेळ ठरवणारा दांडा मागे घेतला, अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल धरलं (अंगठा पलीकडून अडकवला आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं) आणि वर ओढलं. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. कंदिलाची बॅटरी त्या दिवशी शेल्फवर गेली.

इथे काकांच्या मनातलं काम बदललं. एवढ्या खटपटीने भरलेल्या चुंबकांना आता त्याच बॅटरीच्या शेजारी नांदवायचं होतं. वीज बॅटरीकडे न्यायची कशी, हा प्रश्न मागे पडला. बॅटरीची वीज परत येऊ द्यायची नाही, हा पहिला प्रश्न झाला.

डायोड हे काम करतो. तो एकाच दिशेने वाट देतो. पण बिघडलेला डायोड बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे दोन्ही दिशांना वाट मोकळी. चार्जरमध्ये असं झालं तर फ्यूज उडतो, दुसरा डायोड बसवायचा, दहा रुपयांचं काम. इथे चुंबक जातात. म्हणून काकांनी दोन डायोड एकामागे एक घातले. एक गेला तरी दुसरा दार धरून राहील. कॉइलच्या संपर्कांतून उसळणारे झटके लक्षात घेऊन ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त, ४०० व्होल्ट सोसणारे घेतले. आणि दोन्ही गेले तर? बॅटरीच्या अगदी तोंडाशी एक अँपिअरचा झटकन उडणारा फ्यूज. फ्यूज मॅग्नेटोच्या बाजूला असता तर मधली वायर कुठे घासून बॉडीला लागल्यावर बॅटरीला विचारणारं कुणी राहिलं नसतं.

लाटेचे दोन्ही अर्धे वापरणारा पूर्ण ब्रिज का नाही, असं मुलीने विचारलं. ती स्वतः इंजिनिअर, पण सॉफ्टवेअरची. काकांनी पेन काढलं. मॅग्नेटोच्या गुंडाळीचं एक टोक इंजिनाच्या धडालाच जोडलेलं आहे. ब्रिज लावला तर बॅटरी आणि सगळे दिवे बॉडीपासून वेगळे ठेवावे लागतील, प्रत्येक दिव्याला दोन वायरी. लाकडी सांगाड्याच्या, शंभर वर्षं हादरलेल्या गाडीत एखादी वायर कधीतरी बॉडीला टेकणारच. "अर्धी लाट पुरे, बाई," काका म्हणाले. "आपल्याला काही ट्रक चालवायचा नाही."

बॅटरी सहा व्होल्टची की बारा, यावर मालकांचं आणि काकांचं जुंपलं. मालकांना सहा हवी होती. पुढे १९१९ पासून फोर्डने आधी बंद गाड्यांना स्टार्टर आणि जनरेटर दिले, तेव्हा बॅटरी सहा व्होल्टचीच होती; तीच या काळाला शोभते. काकांचा हिशेब वेगळा. मंद गतीला मॅग्नेटो सात व्होल्ट देतो, म्हणजे लाटेचं टोक साधारण दहा. सहा व्होल्टच्या बॅटरीला ते पुरतं, म्हणजे इंजिन रांगत असताना, ठिणगीला वीज आधीच तुटपुंजी असताना, बॅटरी तिच्यातला वाटा खाणार. बारा व्होल्टची बॅटरी दहा व्होल्टांतून काहीच घेऊ शकत नाही. गाडी पळू लागली, लाटेचं टोक तेरा-चौदाच्या वर गेलं, की मगच तिची पाळी. कुठलाही स्विच नको, कुणी लक्ष ठेवायला नको. मालकांनी हे दोनदा ऐकून घेतलं आणि बारावर मान हलवली. पण बॅटरी सीटखाली, बाहेरून दिसणार नाही अशी, ही अट घातलीच.

काकांना सगळ्यात जास्त रमवलं ते ठिणगीने. मॉडेल टीत चार सिलिंडरना चार थरथरत्या कॉइल, लाकडी डब्यात ओळीने. बॅटरीवर त्या सतत झर्रझर्र वाजत ठिणग्यांचा पाऊस पाडतात. मॅग्नेटोवर मात्र ठिणगी लाटेच्या टोकाजवळच पडू शकते, आणि सोळा ध्रुवांमुळे ही टोकं क्रँकच्या दर साडेबावीस अंशांना येतात. म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंगखालचा ठिणगीचा दांडा सलग सरकवत असला तरी ठिणगीची वेळ पायरीपायरीने उडी मारते. आता दोन सिलिंडरच्या पाळ्यांमध्ये क्रँक १८० अंश फिरतो, म्हणजे बरोबर आठ अर्ध्या लाटा. आठ ही सम संख्या. तेव्हा दांड्याच्या एका पायरीवर चारही सिलिंडरना धन लाट मिळते, पुढच्या पायरीवर चारही सिलिंडरना ऋण. काकांचा डायोड फक्त धन लाटा घेणार. म्हणजे बॅटरी भरपेट ओढत असली तर एका पायरीवर चारही ठिणग्या उशिरा पडणार, आणि शेजारच्या पायरीवर एकालाही धक्का नाही.

कागदावर निघालेलं हे गाडीवर पाहिल्याशिवाय काकांना झोप येणं शक्य नव्हतं. मुद्दाम, थोडा वेळ, बॅटरी डायोडमधून थेट जोडली. मालक दांडा एकेक पायरी सरकवत गेले. एका पायरीला इंजिन जड, पुढच्याला मोकळं, त्यापुढच्याला पुन्हा जड. ऑसिलोस्कोपवर धन लाटांची डोकी बॅटरीच्या पातळीला कापल्यासारखी सपाट, ऋण लाटा मात्र जशाच्या तशा टोकदार. मालकांनी इतकी वर्षं गाडी चालवली, पण पायऱ्या अशा मोजून कधी ऐकल्या नव्हत्या. ते बराच वेळ दांडा पुढेमागे करत राहिले. पेट्रोल त्यांचंच होतं.

उपाय जुना आणि स्वस्त निघाला: वाटेत दहा वॅटचा साधा बल्ब. करंट वाढला की तंतू तापतो, रोध वाढतो, आणि करंट आपोआप आवरला जातो. बल्बमुळे ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इंजिनाच्या हजारेक फेऱ्यांना, बॅटरीकडे सरासरी पाव अँपिअरही जात नाही. इंजिनाला ते कळतही नाही. सात अँपिअर-तासांच्या सीलबंद बॅटरीला, दिवसभरात थोडेसे पेटणारे एलईडी दिवे सांभाळायला तेवढं भरपूर झालं. लांबच्या फेरीत बॅटरी जास्त भरू नये म्हणून १३.८ व्होल्टला वाट बंद करणारं छोटं सर्किट काकांनी वर जोडलं. लाल एलईडी रॉकेलच्या दिव्याच्या आत गेला, भिंग जुनंच. ब्रेकचा स्विच उजव्या पेडलवर. तिथेही काकांना थांबून विचार करावा लागला, कारण या गाडीत डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं आणि अॅक्सिलरेटर हाताशी.

हे सगळं खरोखर गरजेचं होतं का? काकांचं प्रामाणिक मत, नव्हतं. एवढीशी बॅटरी महिन्यातून एकदा घरच्या चार्जरवर लावली असती तरी दिवे वर्षभर पेटले असते, आणि चुंबकांच्या आसपास एकही नवी वायर गेली नसती. हे त्यांनी मालकांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मालकांचं उत्तर ठरलेलं. ही गाडी बनली तेव्हा तिला पेट्रोल, पाणी आणि तेल सोडून बाहेरचं काही लागत नसे. आता भिंतीतल्या प्लगवर तिला विसंबून ठेवायची नाही. काकांना हा हट्ट पटला नाही, पण कळला. त्यांच्या मते चार्जर चांगला की वाईट हे तो बॅटरी किती भरतो यावरून ठरत असे. आयुष्यभर त्यांनी अशी यंत्रं बनवली जिथे वीज बॅटरीसाठी असते. इथे वीज ठिणगीसाठी होती, आणि बॅटरीला जे मिळतं ते ठिणगीचं पोट भरल्यावर.

अशा गाड्या मुंबईनेही पाहिल्या आहेत. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या फोर्डच्या कारखान्यात ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांसाठी उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या मॉडेल टी बनत आणि तिथून भारतात येत. १९२६ मध्ये त्याच कॅनडाच्या कंपनीने भारतात आपली शाखा काढली आणि मुंबई, कोलकाता व मद्रासमध्ये जुळणी सुरू झाली. काकांना आता पुण्याला परतल्यावर कुणाच्या वाड्यात किंवा गॅरेजमध्ये एखादी उभी आहे का, हे शोधायचं आहे. मुलीने त्यांना बजावून ठेवलं आहे, "बाबा, सापडली तर फक्त बघायची." त्यावर काकांनी उत्तर दिलेलं नाही.

सर्किटचा नकाशा मालकांनी प्लॅस्टिकमध्ये घालून कॉइलच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. खाली काकांनी ठळक अक्षरांत लिहिलं आहे की फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालू नये, आधी डायोड तपासावेत. पुढचा मालक वाचेल, न वाचेल.

पहिल्या लांब फेरीत मागच्या सीटवरच्या मोठ्या नातवाने सीटखालच्या बॅटरीचा शोध लावला आणि परत आल्यावर तो थेट काकांच्या दारात उभा राहिला. आता बॅटरी आहेच, तर फोनसाठी एक यूएसबी सॉकेट काढून द्याल का? काकांनी त्याला आत बोलावलं, वहीचं पान काढलं. फोनला दहा वॅट, बारा व्होल्टवर पाऊण अँपिअरहून जास्त. मॅग्नेटोकडून येतं पाव अँपिअरही नाही. मुलाने आकडे पाहिले आणि विचारलं, मग बल्ब काढून टाकला तर? काकांनी ऑसिलोस्कोप काढला, आणि त्याला आजोबांच्या गॅरेजकडे घेऊन गेले.